चांदीच्या सुरईशेजारी बेड्या

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत येणारी गर्दी पेंग्विन बघायला सरळ आत जाते. बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची इमारत आहे. तिकडे वळणारे त्यामानाने थोडे. जे वळतात त्यांना आत शिरताच बिडाचे उंच खांब दिसतात, वेलबुट्टीने रंगवलेलं छत दिसतं, पायाखाली विलायती मिंटन फरशा असतात आणि दालनात प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा उभा असतो. एकही कपाट बघण्याआधी पाहुण्याला कळून चुकतं, की इथे आवाज खाली ठेवायचा.

अशा वास्तूत गेली काही वर्षं अधूनमधून चमत्कारिक गोष्टी अवतरतात. दर्शनी भिंतीवर रबरी शिक्क्यांचं जाळं. मातीच्या जुन्या बाहुल्यांच्या संग्रहालयात हाणामारी करणारी चिमुकली माणसं. नुकत्याच दुरुस्त झालेल्या इमारतीत पुन्हा बांबूची परांची. बघणारा पाटी शोधतो, तिच्यावर ‘मांडणशिल्प’ असं काहीतरी असतं, आणि तो पुढे सरकतो. वसाहतकाळात उभ्या राहिलेल्या संग्रहालयात आजच्या कलाकाराला बोलवायचं आणि त्याला तिथल्या इतिहासाशी भिडू द्यायचं, ही आता जगभर रुळलेली पद्धत आहे. ती कशी चालते ते सावकाश बघू.

त्यासाठी आधी संग्रहालय काय करतं ते बघायला हवं. लंडनला १८५१ साली मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं आणि युरोपात अशा प्रदर्शनांची लाट आली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातूनही वस्तू गोळा झाल्या, आणि त्याच खटाटोपातून मुंबईच्या या संग्रहाची सुरुवात झाली. कच्चा माल आणि कारागिरीचे नमुने, असं त्याचं स्वरूप. या मुलखात काय पिकतं, काय बनतं, कोण बनवतो आणि त्याचा व्यापार कसा होईल, हे समजून घेणं हा हेतू. सौंदर्य त्याच्या मागून. संग्रह पहिल्यांदा फोर्टातल्या टाउन बराकीत होता. १८५७ च्या उठावात फौजेला जागा लागली, सामान घाईघाईने बाहेर निघालं आणि त्यातलं बरंच वाया गेलं. आजच्या इमारतीचा पाया १८६२ साली घातला गेला आणि २ मे १८७२ रोजी ती लोकांना खुली झाली. नाव अर्थातच ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’.

अशा ठिकाणी वस्तू एकट्याने बोलत नाही. तिच्या शेजारी काय ठेवलंय, ती कोणत्या दालनात आहे, उजेड कुठून पडतो, यावर तिचा अर्थ ठरतो. लग्नातलं रुखवत आठवा. साखरेचं तुळशीवृंदावन, क्रोशाचा रुमाल, चांदीचं तबक यांतल्या एकाही वस्तूवर मुलीकडच्यांची ऐपत आणि हौस लिहिलेली नसते. ती मांडणीतून बरोबर पोचते, आणि काय मांडलेलं नाही हेही वरपक्षाच्या बायकांच्या नजरेतून सुटत नाही. संग्रहालयाची मांडणी याच जातीची, फक्त तिथे मांडणारा अदृश्य असतो आणि आपण तिला मांडणी न म्हणता ज्ञान म्हणतो.

त्यातली सगळ्यात टिकाऊ गोष्ट म्हणजे पाटी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं घ्या. साताऱ्याचा रेसिडेंट असलेला जेम्स ग्रँट डफ ती विलायतेला घेऊन गेला, आणि त्याच्या वंशजांकडून ती संग्रहालयाकडे आली. सोबतच्या पेटीवरच्या मजकुरात म्हटलंय, की याच वाघनखांनी शिवाजीने मोगल सेनापतीला मारलं. अफझलखान मोगलांचा नव्हता, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, हे आपल्याकडे चौथीतल्या मुलालाही ठाऊक असतं. महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच का, याची खात्री देता येत नाही असं संग्रहालय स्वतःच सांगतं. पण पेटीवर लिहिलेलं पेटीबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतं. ज्याने वस्तू नेली त्यानेच तिची ओळख लिहिली, आणि पुढचा प्रत्येक अभ्यासक त्या ओळखीपासूनच सुरुवात करतो.

म्हणजे वसाहतकाळाचा इतिहास संग्रहालयातल्या वस्तूंमध्ये असतो तितकाच, कधी कधी जास्त, त्यांच्या मांडणीत असतो. जाणते कलाकार हात घालतात तो तिथे. नवी वस्तू आणून ठेवणं हा त्यांच्या कामाचा दिसणारा भाग. मांडणीतला एखादा सांधा ढिला करणं हे खरं काम.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेतलं आहे, आणि त्याच्यावर थोडं थांबायला हवं, कारण नंतरच्या बहुतेकांनी धडे तिथेच गिरवले. बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीत १९९२ साली फ्रेड विल्सन या कलाकाराने ‘मायनिंग द म्युझियम’ नावाचं प्रदर्शन मांडलं. सोसायटी जुन्या घराण्यांच्या ठेव्यांसाठी प्रसिद्ध. विल्सन यांनी बाहेरून जवळजवळ काहीच आणलं नाही. त्यांनी तिथलं भांडार उपसलं आणि नोंदवह्या वाचल्या. मग एका काचेच्या कपाटात नक्षीदार चांदीच्या सुरया आणि पेले मांडले, आणि त्यांच्या मधोमध गुलामांच्या पायातल्या लोखंडी बेड्या ठेवल्या. पाटीवर एवढंच: ‘धातुकाम, १७९३–१८८०’.

हे कपाट नीट उलगडून बघण्यासारखं आहे. चांदी आणि बेड्या एकाच प्रदेशातल्या, साधारण एकाच काळातल्या. दोन्ही त्याच संस्थेच्या मालकीच्या. दोन्ही खरोखरच धातुकाम, त्यामुळे पाटी खोटी नाही. कलाकाराने केलं ते एवढंच, की दोन वेगळ्या खोल्यांत राहणाऱ्या वस्तूंना एका फळीवर आणलं. सुरया ज्या पैशातून आल्या तो पैसा कुणाच्या घामाचा, हे सांगायला त्याला एक शब्द लिहावा लागला नाही. पाटीवर संतापाची दोन वाक्यं असती, तर बघणाऱ्याने कलाकाराचा संताप बघितला असता. कोरड्या पाटीमुळे त्याला प्रश्न पडतो, की मग आजवर या बेड्या होत्या कुठे? उत्तर: तळघरात, नोंद करून, व्यवस्थित.

दुसऱ्या दालनात डौलदार खुर्च्या अर्धवर्तुळात लावल्या होत्या, बैठकीला बसावं तशा, आणि त्यांच्या समोर माणसाला बांधून फटके मारण्याचा लाकडी खांब. हा खांब बाल्टिमोरच्या तुरुंगात १९३८ पर्यंत वापरात होता. पाटी: ‘सुतारकाम’. आणखी एका ठिकाणी जुन्या बाबागाडीत बाळाच्या दुपट्याच्या जागी कू क्लक्स क्लॅनची टोपी. दाराजवळ तीन अर्धपुतळे होते, नेपोलियन, हेन्री क्ले आणि अँड्र्यू जॅक्सन यांचे. तिघांतला एकही मेरीलँडचा नाही. शेजारी तीन रिकामे चौथरे. त्यांवर हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस आणि बेंजामिन बॅनेकर ही नावं. तिघंही मेरीलँडची कृष्णवर्णीय माणसं, आणि त्यांचे पुतळे सोसायटीकडे नव्हते. जे गोळाच केलं नाही ते दाखवायचं कसं, हा अवघड प्रश्न. त्याचं याहून सोपं उत्तर मला माहीत नाही.

आता हीच युक्ती उचलून भायखळ्याला आणली तर? माझ्या मते फसेल. कारण इथे खलनायक इतका सोयीचा नाही. या संग्रहालयासाठी ज्या समितीने पैसा उभा केला तिचे अध्यक्ष मुरबाडचे नाना शंकरशेट होते आणि चिटणीस डॉ. भाऊ दाजी. भाऊ दाजी मूळचे पेडण्याजवळच्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक, प्राचीन शिलालेख वाचणारे संशोधक, पुढे मुंबईचे शेरीफ. राणीच्या नावाची इमारत ही त्यांना लाचारी वाटली नव्हती. शहराला विद्येचं एक घर मिळतंय असं वाटलं होतं. १९७५ साली संग्रहालयाला त्यांचं नाव दिलं तेव्हा साहेबाचं घर आपल्याकडे आलं असं झालं नाही. घरात आपण पहिल्यापासून होतोच. म्हणून इथल्या कलाकाराला बेड्या सापडत नाहीत. त्याला सापडतात त्या बाहुल्या.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्राचार्य सेसिल बर्न्स या संग्रहालयाचे क्युरेटर होते. त्यांच्या काळात मुंबईच्या लोकजीवनाच्या मातीच्या प्रतिमा आणि छोटे देखावे तयार झाले: वेगवेगळ्या जातीजमातींची माणसं, त्यांचे धंदे, पागोट्यांचे प्रकार. काम अतिशय सुबक आहे, मुलं तिथून हलत नाहीत. पण त्यामागची रीत लक्षात घ्या. एक माणूस म्हणजे एक जात, एक जात म्हणजे एक धंदा आणि एक पागोटं. त्या माणसाला नाव नाही, वय नाही. तो कुणाशी भांडत नाही, उद्या धंदा बदलणार नाही. जनगणनेचं कोष्टक मातीत ओतलं तर असंच दिसेल. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे छायाचित्रांचे आठ खंड काढले, त्यांची नजरही हीच.

जितीश कल्लाट यांनी २०११ साली याच संग्रहालयात ‘फील्डनोट्स’ हे प्रदर्शन केलं. त्यात ‘अँगर अ‍ॅट द स्पीड ऑफ फ्राइट’ या कामात रस्त्यावरच्या दंगलीतली छोटी रंगवलेली माणसं होती: धावणारी, ओढणारी, मारणारी, मार खाणारी. आकार बाहुल्यांचा, पण शिस्त मोडलेली. गर्दीतला कोण कुठल्या जातीचा, कोण कुठल्या धंद्याचा, ते ओळखता येत नाही. ते बघून बर्न्स यांच्या काळातल्या माणसांकडे परत गेलं, की त्यांची शांतता नैसर्गिक वाटेनाशी होते; कुणीतरी त्यांना उभं राहा म्हणून सांगितलंय असं जाणवतं. कलाकाराने जुन्या बाहुलीला बोटही लावलेलं नसतं. शेजार बदलला, तेवढ्याने काम झालं.

त्याच प्रदर्शनातलं दुसरं काम ‘सर्का’. बांबूच्या परांचीसारखं दिसणारं, प्रत्यक्षात रेझिन आणि पोलादाचं, १२० तुकड्यांचं शिल्प. जवळ गेलं की बांबूवर एकमेकांना गिळणारे प्राणी कोरलेले दिसतात. त्यांचे पूर्वज व्हीटी स्टेशनच्या दगडी नक्षीत आहेत. याची गंमत कळायला इमारतीचा अलीकडचा इतिहास हवा. महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी २००३ मध्ये एकत्र येऊन दुरुस्तीचं काम हाती घेतलं. त्याला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ साली संग्रहालय पुन्हा उघडलं. एवढं सगळं झळाळून उठल्यावर तीनच वर्षांत कुणीतरी आत पुन्हा परांची बांधतो. जुनं वैभव जसंच्या तसं परत आणलं या समाधानाला त्याने हळूच टाचणी लावली.

प्रतिमेतला माणूस ‘नमुना’ कसा होतो, यावर बंगळुरूच्या पुष्पमाला एन. यांचं काम बोलकं आहे. क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ मध्ये केलेल्या ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ या मालिकेत त्या स्वतःच वेगवेगळी सोंगं घेऊन कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. त्यातल्या काही छायाचित्रांत मागे चौकटींचा पडदा आहे, वसाहतकाळातले अधिकारी माणसांची मापं घेण्यासाठी लावत तसा. तीच बाई दर वेळी वेगळा ‘नमुना’ होते, तेव्हा नमुना हा पडद्याचा आणि पोशाखाचा खेळ होता, हे उघड पडतं. शिवाय तिच्या डोळ्यांतली किंचित थट्टा लपत नाही.

दिल्लीचा रक्स मीडिया कलेक्टिव्ह हा गट आणखी एका वाटेने गेला. १८५८ साली बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी मालपुरवठ्याचा करार केला, आणि कराराच्या कागदावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. बोटांच्या ठशांनी माणूस ओळखण्याच्या सगळ्या व्यवहाराची ही एक सुरुवात. ठसा पुढे फ्रान्सिस गाल्टनच्या संग्रहात लंडनला गेला. रक्सने २०११ साली त्या ठशाला चलत्‌चित्रात हलवलं: बोटं मिटतात, उघडतात, काहीतरी मोजत राहतात. मूळ कागद लंडनमध्येच आहे, फक्त ज्या हाताला मोजलं होतं तो आता मोजतोय. वस्तू मिळणारच नसेल तेव्हा तिच्या प्रतिमेवर काम करायचं, ही युक्ती गरिबाची खरी, पण धारदार.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेलं काम मात्र संग्रहालयाच्या आत नव्हतं. रीना सैनी कल्लाट यांनी २०१३ साली भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर कोळ्याचं प्रचंड जाळं पसरलं. जाळ्याचे धागे म्हणजे भल्या मोठ्या आकाराचे रबरी शिक्के, आणि शिक्क्यांवर मुंबईतल्या रस्त्यांची, आता बदललेली, जुनी नावं. शिक्का का, हे सरकारी कचेरीची पायरी चढलेल्या कुणालाही सांगायला नको: शिक्का बसेपर्यंत नाव खरं नसतं, आणि नवा बसला की जुनं नाव कागदोपत्री मरतं. प्रत्यक्षात मरत नाही. हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी मार्ग झाला तो लोकांनी डी. एन. रोड म्हणून स्वीकारला, डॉ. भडकमकर मार्ग मात्र इलेक्ट्रॉनिकची सुटी उपकरणं घ्यायला जाणाऱ्यांसाठी अजून लॅमिंग्टन रोडच आहे. जाळं धरतं ते वापर नसलेल्या जागी, पण त्याच जाळ्यात गोष्टी अडकूनही राहतात. आणि ज्या भिंतीवर हे सगळं लटकत होतं, त्या इमारतीचंही नाव बदललेलंच. शिवाय हे बघायला तिकीट लागत नव्हतं.

अशा कामांमागे कलेइतकंच हमालीचंही शास्त्र असतं, ते लेखांत सहसा येत नाही. वारसा इमारतीला खिळा मारता येत नाही, म्हणून जड काम कशावर टांगायचं, वारा-पावसात ते किती हेलकावेल, हे आधी अभियंता सांगतो. ओलं, पिकलेलं, जिवंत काहीही आत आणलं की कीड येते आणि ती लाकूड, कापड, कागद यांकडे वळते; म्हणून धान्याची रास किंवा माती मांडायची असेल तर जतन विभाग हात आखडतो. कापड आणि जलरंग यांच्यावर साधारण ५० लक्सच्या वर उजेड नको असतो, आणि कलाकाराला नेमका तिथेच झोत हवा असतो. ध्वनीचं काम असेल तर सर्वांत जास्त सोसतो तो पहारेकरी. पाहुणा चार मिनिटं ऐकतो, त्याला तीच ध्वनिफीत दिवसभर. आणि शेवटी, पाटी कुणी लिहायची? विल्सन यांनी संग्रहालयाचाच कोरडा सूर उचलला. ब्रिटिश म्युझियममध्ये २०२४–२५ साली ‘व्हॉट हॅव वी हिअर?’ हे प्रदर्शन मांडताना कलाकार ह्यू लॉक यांनी उलट केलं: संग्रहालयाच्या माहितीच्या जोडीला स्वतःची मतं स्वतःच्या सुरात लावली, आणि कपाटांवर ‘वॉचर्स’ नावाच्या आकृत्या बसवल्या, पाहुण्यांवर नजर ठेवणाऱ्या. लॉक लहानाचे मोठे झाले ते गयानात, म्हणजे ज्या साम्राज्याचा हा हिशेब, त्याच्याच एका जुन्या वसाहतीत. दोन्ही पद्धतींत मला विल्सन यांची जास्त पटते. मत छापलं की वाचक त्याच्याशी वाद घालून मोकळा होतो.

भायखळ्याच्या आवारात एक काम तर कुणाही कलाकाराने केलेलं नाही. घारापुरीला धक्क्याजवळ उभा असलेला दगडी हत्ती इंग्रजांनी १८६४ साली विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना तो कोसळून फुटला. तुकडे मुंबईत पडून राहिले आणि १९१४ साली राणीच्या बागेत जोडले गेले. १९६५ साली शहरातल्या चौकांतून व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड वगैरे मंडळींचे पुतळे हलवून त्याच परिसरात आणून ठेवले. काळा घोडा म्हणतात तो यातलाच, एडवर्डचा. लुटीतून निसटलेला हत्ती आणि चौकातून उतरवलेला सम्राट असे शेजारी आले, ते क्रेन आणि ट्रकच्या सोयीने. विल्सन यांनी हा शेजार मुद्दाम जुळवला असता.

आता या पद्धतीची उणी बाजू. प्रदर्शन काही महिन्यांनी उतरतं, कलाकृती लाकडी खोक्यात जाते आणि जुनी पाटी जागेवरच असते. लंडनमध्ये याला आणखी एक पदर आहे. ब्रिटिश म्युझियमला १९६३ च्या कायद्याने संग्रहातल्या वस्तू थोडे अपवाद सोडले तर देऊन टाकता येत नाहीत, आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टवर १९८३ च्या कायद्याची अशीच बंधनं आहेत. म्हणून २०२४ च्या जुलैत वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली ती उसनी, तीन वर्षांच्या बोलीवर. अशा परिस्थितीत कलाकाराला बोलावून भिंतीवर टीका लावून घेणं हे वस्तू परत देण्यापेक्षा फार स्वस्त पडतं, आणि संस्थेचा चेहराही उजळतो. काही कलाकारांना हे पक्कं कळतं, तरी ते येतात. भांडाराची किल्ली दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळत नाही.

मुंबईत परत देण्याचा प्रश्न नाही, वस्तू इथल्याच आहेत. इथलं राहिलेलं काम कमी दिमाखाचं आहे: बाहुल्या कुणी घडवल्या, कुणाला समोर बसवून घडवल्या, हे जे. जे. आणि महापालिकेच्या जुन्या कागदांतून शोधणं आणि सापडेल तेवढं मराठीत, कपाटाच्या काचेवर, कायमचं लिहिणं. त्याला मांडणशिल्पाइतकी प्रसिद्धी मिळणार नाही आणि त्यासाठी कलाकाराची वाट बघण्याचीही गरज नाही. एक अभिलेखपाल आणि दोन वर्षांचा पगार पुरेल.